स्कूटरचा अपघात : घाई कोठें करावी, धीर कोठें धरावा



आपल्या करवीर नगरींत हल्लीं असें घर विरळाच कीं ज्याच्या दारांत एखादी स्कूटर उभी नाहीं. वडील तिच्यावरून कचेरींत जातात, आई बाजारांत जाते, आणि सकाळच्या प्रहरीं पाठीला दप्तर लावलेलीं दोन दोन मुलें पुढें-मागें घेऊन तीच स्कूटर शाळेच्या फाटकापाशीं येऊन उभी राहते. महाराष्ट्रांत हें वाहन घरोघर शिरलें तें मुख्यत्वेंकरून पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज कारखान्यामुळें. तेथें १९७२ सालीं ‘चेतक’ नांवाची स्कूटर तयार होऊं लागली. राणा प्रतापाच्या इमानी घोड्याचें नांव तिला दिलें होतें, आणि एका पिढीनें तिच्यावर खरोखरच घोड्याप्रमाणें माया केली. परंतु घोडा व स्कूटर यांत एक मोठा भेद आहे. घोडा खड्डा पाहून पाय उचलतो. स्कूटर उचलीत नाहीं.

स्कूटरचें चाक मोटारसायकलीच्या चाकाहून पुष्कळ लहान असतें. चेतकच्या रिमचा व्यास १० इंच होता. मोटारसायकलीचा बहुधा १७ अथवा १८ इंच असतो. मोठें चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जातें त्याच खड्ड्यांत लहान चाक खोल बसतें, व हातांतील दांडी एकाएकीं वळते. त्यांत आपल्या भागांतील रस्त्यांच्या विशेष अडचणी आहेतच. वळवाच्या पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल व धूळ एक होऊन साबणासारखा बुळबुळीत थर तयार होतो. साखर कारखान्यांच्या हंगामांत कागल, शिरोळ, हातकणंगले या बाजूंस उसाच्या गाड्या व ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात. त्यांतून गळलेलीं कांडीं रस्त्यावर पडतात, आणि ज्या ट्रॉलीस मागें दिवा किंवा चकाकणारी पट्टी नसते ती अंधारांत अगदीं जवळ येईतों दिसत नाहीं. अपघात टाळावे कसे हें सांगणारे लेख पुष्कळ आहेत. या लेखांत मुख्यतः दुसरी गोष्ट सांगावयाची आहे : माणूस पडल्यावर काय करावें, आणि तो बरा कसा होतो.

या बाबतींत आपल्या लोकांची एक उलटी रीत आहे. जेथें घाई करावयाची तेथें आपण धीर धरतों, आणि जेथें धीर धरावयाचा तेथें घाई करतों. पडलेला माणूस कपडे झटकून उठला कीं ‘कांहीं झालें नाहीं’ म्हणून पहिले बहुमोल तास आपण घालवितों. पुढें हाड जुळण्यास निसर्गाला महिने लागत असतां मात्र ‘आतां पुरे झालें’ म्हणून अवधीपूर्वींच प्लास्टर कापावयास बसतों.

प्रस्तुत लेखक स्वतः या दोन्ही चुकांचा धनी आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मृगाच्या पावसांत रंकाळ्याच्या कडेनें येत असतां माझी स्कूटर घसरली. पडतांना मीं उजवा हात पुढें टेकला. मनगट दुखूं लागलें, पण बोटें हलत होतीं. आणि ‘बोटें हलतात त्या अर्थीं हाड मोडलेलें नाहीं’ असा जो सर्वत्र रूढ समज आहे तो माझाहि होता. आठ दिवस तेल चोळून घेतलें. सूज उतरेना तेव्हां एक्स-रे काढला. मनगटाजवळचें हाड मोडून वांकडें बसूं लागलें होतें. तें पुन्हां सरळ करून प्लास्टर घातलें गेलें. सहा आठवडे ठेवावयास सांगितलें होतें. चौथ्या आठवड्यांत दुखणें थांबलें म्हणून मीं तें घरींच कापलें. परिणाम असा झाला कीं सहा महिने माझ्या बोटांत खडू ठरत नसे, आणि फळ्यावर लिहावयाचें तें एका विद्यार्थ्याच्या हातून लिहवून घ्यावें लागे. त्या मुलाचें अक्षर सुंदर होतें, हाच काय तो त्यांतला लाभ. बोटें हलणें हा हाड शाबूत असल्याचा पुरावा नव्हे, हा धडा मात्र मी कायमचा शिकलों.

पहिला तास

रस्त्यावर कोणी पडलें कीं लोक धांवून जातात, हें आपल्या गांवाचें भूषण आहे. परंतु धांवून गेल्यावर जें केलें जातें त्यांत चांगल्या हेतूनें केलेलीं वाईट कामें पुष्कळ असतात. कोणी पाणी पाजतो, कोणी कांदा हुंगवितो, कोणी बखोटीला धरून उभें करूं पाहतो. आणि शेवटीं दोघेजण त्या अर्धवट शुद्धींतील मनुष्याला आपल्या स्कूटरवर मध्यें बसवून दवाखान्याकडे निघतात. मान मोडलेली असल्यास हा प्रवास फार भयंकर ठरतो. मानेच्या मणक्यांतून जाणारी मज्जारज्जु जोंपर्यंत शाबूत आहे तोंपर्यंत हातपाय हलण्याची आशा असते. मान लोंबकळत गेली तर तीच मज्जारज्जु दुखावून उभ्या आयुष्याचें पंगुत्व येऊं शकतें.

म्हणून पुढील क्रम प्रत्येक मुलानें पाठ करावा. प्रथम मागून येणारीं वाहनें थांबवावीं. नाहींतर एकाचे दोन अपघात होतात. नंतर १०८ या क्रमांकास दूरध्वनि करावा. महाराष्ट्रांत ही रुग्णवाहिका-सेवा २०१४ सालीं सुरू झाली असून ती विनामूल्य आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीला आहे तेथेंच, मान व पाठ एका रेषेंत ठेवून, निजूं द्यावें. तो बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल, व तोंडांत रक्त किंवा ओकारी येत असेल, तर दोघातिघांनीं मिळून डोकें, मान व धड एकदम फिरवून त्याला कुशीवर करावें, म्हणजे श्वास गुदमरणार नाहीं. पाणी, चहा, कांहींहि पाजूं नये. अर्धवट शुद्धींत तें श्वासनलिकेंत उतरतें, आणि शस्त्रक्रिया करावी लागल्यास भरलें पोट भूल देण्याच्या आड येतें. डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, असेल तर तें ओढून काढूं नये. श्वास कोंडत असल्यासच एकानें मान दोन्ही हातांनीं स्थिर धरावी व दुसऱ्यानें तें हळूहळू काढावें.

रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ रुमाल किंवा पंचा घडी करून तळहातानें घट्ट दाबून धरावा. पहिलें फडकें भिजलें तर तें न काढतां त्यावरच दुसरें ठेवावें. बहुतेक रक्तस्राव एवढ्यानें थांबतो. सुतळी, तार किंवा पायजम्याची नाडी करकचून आवळूं नये. बारीक दोरी मांसांत रुतते, रक्त मात्र नीट थांबवीत नाहीं.

‘मदत केली तर पोलिसांचें लचांड मागें लागेल’ ही जुनी भीति आतां निराधार आहे. मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक नियमांना सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं कायद्याचें बळ दिलें, आणि २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत कलम १३४-अ घालून तेंच तत्त्व पक्कें करण्यांत आलें. सद्बुद्धीनें मदत करणारावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाहीं. २०२५ सालापासून, नेमून दिलेल्या रुग्णालयांत, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोख पैसे न भरतां उपचार मिळण्याची योजनाहि केंद्र सरकारनें सुरू केली आहे. तेव्हां ‘आधीं पैसे जमवूं, मग नेऊं’ असा विचार करीत बसूं नये.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीं आपल्या भागांतील एखाद्या खेड्यांत कोणाचा पाय मोडला तर त्यास बैलगाडींतून शहरांत आणावें लागे. कोल्हापुरांत आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होतें, ज्याला आज आपण छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतों. आणि १८९१ सालीं मिरजेपर्यंत आगगाडी सुरू झाल्यावर, १८९४ सालीं डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं मिरजेस उघडलेल्या रुग्णालयाकडेहि रोगी जाऊं लागले. तेव्हां अंतर वेळ खात असे. आज अंतर उरलें नाहीं. वेळ खातो तो आपला निष्काळजीपणा.

डोक्याचा मार

वरील सर्वांत फसवा मार डोक्याचा. कानशिलापाशीं कवटीचें हाड पातळ असतें, आणि त्याच्या आंतल्या अंगास लागून एक धमनी जाते. तेथें मार बसून ती धमनी फाटली तर रक्त कवटी व मेंदूचें वेष्टन यांच्या मध्यें सांचूं लागतें. मनुष्य क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, बोलतो, घरीं जातो, जेवतोहि. घरचीं माणसें देवाचे आभार मानतात. इकडे आंत रक्त वाढत असतें. दोन-चार तासांनीं डोकें ठणकूं लागतें, तो पेंगूं लागतो, आणि ‘दमला आहे, निजूं द्या’ म्हणून त्यास निजवितात. त्या निजेंतून तो उठत नाहीं. वेळींच रुग्णालयांत नेल्यास कवटीला छिद्र पाडून तें रक्त काढतां येतें, व तोच मनुष्य पुढें धडधाकट फिरतो. दोन शेवटांमधलें अंतर कित्येकदां दोन तासांचेंच असतें.

म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसास पुढील २४ तास एकटें ठेवूं नये. वारंवार ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणें, अनावर गुंगी, झटके, एका बाजूच्या हातापायांतील अशक्तपणा, नाकांतून अथवा कानांतून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणें, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षां मोठी दिसणें, यांपैकीं एक जरी लक्षण दिसलें तरी रात्र असो वा पाऊस असो, तत्काळ रुग्णालय गांठावें. क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तरी लक्षणांची वाट न पाहतां डॉक्टरांस दाखवावें.

जखम

स्कूटरवरून पडणाराचें कातडें रस्त्यावर घांसून सोलवटतें, व त्यांत माती, खडी व डांबर रुततें. अशा जखमेवर हळद, चुना, कॉफी, दंतमंजन किंवा रस्त्यावरचीच माती दाबण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. जखमेला पहिलें औषध म्हणजे पुष्कळ स्वच्छ पाणी. नळाच्या वाहत्या पाण्याखालीं ती चांगली पांच-दहा मिनिटें धुवावी, भोंवतालचें कातडें साबणानें स्वच्छ करावें, व वर स्वच्छ कापड बांधावें. खोल रुतलेली खडी डॉक्टरांनींच काढावी. मातीनें भरलेल्या जखमेंतून धनुर्वाताचे जंतु शरीरांत शिरतात. तेव्हां धनुर्वाताची लस पूर्वीं केव्हां घेतली होती हें डॉक्टरांस सांगून लागल्यास पुन्हां टोंचून घ्यावी. तापलेल्या सायलेन्सरनें पोटरी भाजली तर ती २० मिनिटें थंड वाहत्या पाण्याखालीं धरावी. टूथपेस्ट किंवा शाई लावूं नये.

स्वच्छतेचें माहात्म्य जगानें एका मुलाच्या मोडक्या पायापासून शिकलें. १२ ऑगस्ट १८६५ रोजीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं जेम्स ग्रीनलीज नांवाच्या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचें चाक गेलें. नडगीचें हाड मोडलें आणि वर जखमहि झाली. त्या काळीं हाड मोडून कातडें फाटलें म्हणजे बहुधा पाय सडे, आणि एक तर तो कापावा लागे नाहींतर रोगी दगावे. जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्यानें त्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडांत भिजविलेली पट्टी ठेवली व पायास फळ्या बांधल्या. जखम सडली नाहीं. सहा आठवड्यांत हाडें जुळलीं, आणि तो मुलगा आपल्या दोन पायांनीं चालत घरीं गेला. नडगीचा पुढचा भाग कातड्याच्या लगत खालीं असतो, त्यावर मांस नसतें. म्हणून स्कूटर पायावर पडली कीं आजहि नेमका तोच प्रकार घडतो. हाड बाहेर आलेलें दिसलें तर तें आंत ढकलूं नये. स्वच्छ ओल्या कापडानें झांकावें, व विलंब न करतां रुग्णालयांत न्यावें.

मोडलेलें हाड

कोल्हापूर हें मल्लांचें गांव. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींच्या तांबड्या मातींत वाढलेले वस्ताद अंगमर्दनांत निष्णात असतात, आणि लचकलेला स्नायु त्यांच्या हातानें मोकळा होतो हें पुष्कळांनीं अनुभविलें आहे. म्हणूनच अपघात झाला कीं कित्येक घरांतून पहिलें बोलावणें मालीशवाल्यास किंवा हाडवैद्यास जातें. त्यांच्या हातांतील गुणाची थट्टा करण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु हात कितीहि जाणता असला तरी त्याला हाडाच्या आंत पाहतां येत नाहीं. १८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढल्यापासून तें पाहतां येतें, आणि ज्यास पाहतां येतें त्यानें न पाहतां चोळणें योग्य नव्हे.

या संबंधांत एक कथा विचार करण्याजोगी आहे. इंग्लंडच्या लगत वेल्स नांवाचा प्रांत आहे. तेथील एका घराण्यांत पिढ्यानपिढ्या हाडें बसविण्याचा धंदा चालत असे. त्या घराण्यांतील इव्हान थॉमस यांनीं आपल्या मुलांना वैद्यकशाळेंत पाठविलें. त्यांपैकीं ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनीं लिव्हरपूल शहरीं गोरगरिबांची सेवा करीत असतां पायासाठीं एक लोखंडी सांगाडा तयार केला. मोडलेल्या हाडास पुरती व अखंड विश्रांति पाहिजे, हें त्यांचें ब्रीद होतें. त्यांच्या हयातींत त्या सांगाड्याची फारशी कदर झाली नाहीं. पहिल्या महायुद्धांत मात्र त्यांचे शिष्य रॉबर्ट जोन्स यांनीं तो रणांगणावर नेला. तोंपर्यंत गोळीनें मांडीचें हाड मोडलेल्या सैनिकांपैकीं शेंकडा ८० च्या सुमारास दगावत असत; जागच्या जागीं तो सांगाडा बांधूं लागल्यावर हें प्रमाण शेंकडा २० च्या खालीं आलें. औषध नवें नव्हतें, शस्त्रक्रिया नवी नव्हती. मोडलेला पाय हलूं दिला नाहीं, एवढेंच. हाडवैद्याच्या मुलानें घराण्याची विद्या टाकली नाहीं. तिला शास्त्राची जोड दिली. आपल्याकडील जाणत्या हातांनींहि हाच मार्ग धरावा, व मोडल्याचा नुसता संशय आला तरी आधीं एक्स-रेचा आग्रह धरावा.

आपणांपाशीं तो सांगाडा नसला तरी मोजपट्टी, छत्री, जाड वर्तमानपत्राची गुंडाळी अथवा दुसरा धड पाय यांचा आधार देतां येतो. मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहींत अशा बेतानें बांधावें, आणि हात असेल तर तो रुमालाच्या झोळींत गळ्यांत अडकवावा. बांधणें घट्ट मात्र नको. मार लागलेला अवयव सुजत जातो. वरून बांबूच्या काड्या करकचून आवळल्या तर आंतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि कांहीं तासांतच स्नायु मरूं लागतात. अशा रीतीनें हात वांचला तरी बोटें पंजाप्रमाणें आंत वळून कायमचीं निकामी होतात. प्रसंगीं हात कापावाहि लागतो. प्लास्टर घातल्यावरहि हाच धोका असतो. दुखणें कमी न होतां वाढत गेलें, बोटें फिकट, निळसर, थंड किंवा बधिर झालीं, अथवा दुसऱ्यानें तीं सरळ करतांना असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहूं नये. ही घाईची वेळ होय.

बरें होण्याचा काळ

येथपर्यंत घाईचें प्रकरण झालें. आतां धीराचें पाहूं. हाड मोडलें कीं त्या जागीं प्रथम रक्त सांचतें. दोन-तीन आठवड्यांत त्याच्या ठिकाणीं मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. मग त्यांत चुन्याचे क्षार भरून तो टणक होतो, आणि पुढें कित्येक महिने, कधीं वर्षेंहि, निसर्ग त्या जागेवर तासणी करून हाडास पूर्वींचा आकार देत असतो. दुखणें थांबतें तें मऊ सांध्याच्या काळांतच! म्हणून ‘दुखत नाहीं’ याचा अर्थ ‘जुळलें’ असा करणें ही मोठी चूक, व तीच मीं केली. मोठ्या माणसाचें मनगट किंवा गळ्याजवळची हांसळी जुळण्यास साधारण सहा आठवडे, नडगीस चार महिने, मांडीस चार ते सहा महिने लागतात. लहान मुलांची हाडें याहून पुष्कळ लवकर जुळतात.

वैद्य हाड जुळवीत नाहीं. तो तें नीट मांडून ठेवतो, जुळवितो निसर्ग. मांडून ठेवण्याच्या रीति मात्र सुधारत गेल्या. १८५२ सालीं मॅथायसेन या डच लष्करी शस्त्रवैद्यानें प्लास्टरची पट्टी प्रसिद्ध केली. १९३९ च्या सुमारास जर्मनींत क्यूंचर यांनीं हाडाच्या पोकळींतून लांब पोलादी सळई घालण्याची रीत काढली. तिच्या सुधारलेल्या रूपामुळें आज मांडी मोडलेला मनुष्य महिनोनमहिने अंथरुणाला खिळून राहत नाहीं. सैबेरियांतील कुर्गान येथें इलिझारोव्ह यांनीं हाडाभोंवतीं पोलादी कडीं व तारा बसवून, न जुळलेलीं व आंखूड झालेलीं हाडें नीट करण्याची युक्ति सिद्ध केली. ती विद्या आपल्या शेजारीं मिरजेस रुजविण्याचें काम डॉ. जी. एस. कुलकर्णी व त्यांचें स्वास्थ्ययोग प्रतिष्ठान यांनीं केलें.

थॉमस यांच्या विश्रांतीच्या तत्त्वास पुढील पिढीनें एक मोलाची पुस्ती जोडली आहे : विश्रांति हाडाला, हालचाल सांध्याला. हात प्लास्टरमध्यें असला तरी मोकळीं बोटें, कोंपर व खांदा दिवसांतून अनेक वेळां हलवावा, नाहींतर हाड जुळतें पण सांधा आखडतो. प्लास्टर भिजवूं नये, व खाज सुटली म्हणून आंत सुई किंवा पट्टी घालूं नये. प्लास्टर निघाल्यावर हात बारीक व ताठर झालेला दिसतो. त्यानें घाबरून न जातां व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडून शिकून रोज थोडा थोडा व्यायाम करावा. या व्यायामांत कंटाळा फार येतो, आणि पुष्कळ रोगी येथेंच हरतात. डाळी, दूध, नाचणी, अंडीं, मासे असा सकस आहार घ्यावा व थोडें ऊन अंगावर घ्यावें. विडी-सिगारेट ओढणाराचें हाड उशिरा जुळतें, हें वडील मंडळींनींहि ध्यानांत ठेवावें.

शरीराबरोबर मनासहि मार बसतो. झोंपेंत दचकून जाग येणें, पुन्हां स्कूटरवर बसतांना छाती धडधडणें, हें भित्रेपण नव्हे. बहुतेकांच्या बाबतींत तें हळूहळू निवळतें. महिन्याहून अधिक काळ टिकलें तर डॉक्टरांस सांगण्यांत लाज बाळगूं नये. डोक्याला मार लागलेल्या विद्यार्थ्यानें पहिले एक-दोन दिवस मेंदूस विसांवा द्यावा, अभ्यास हळूहळू वाढवावा, व डॉक्टर सांगेपर्यंत मैदानावर उतरूं नये. आणि वर्गबंधूंनो, तुमचा एखादा सोबती हात गळ्यांत अडकवून शाळेंत येईल तेव्हां त्याच्या प्लास्टरवर नांवें लिहून थांबूं नका. त्याचें दप्तर उचला, त्याच्या वहींत टिपणें उतरवून द्या. बरें होण्यांत औषधाइतकाच वांटा सोबतीचा असतो.

शिरस्त्राण

हाड मोडलें तर जुळतें. मेंदूची गोष्ट तशी नाहीं. १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत टी. ई. लॉरेन्स हे विख्यात गृहस्थ मोटारसायकलीवरून जात असतां सायकलीवरील दोन मुलांना वांचविण्यासाठीं वळले आणि पडले. डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजीं ते वारले. त्यांच्या उपचारास आलेले मेंदूचे शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांच्या मनास ही गोष्ट लागून राहिली. त्यांनीं अशा अपघातांचा अभ्यास आरंभिला व १९४१ सालीं तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांतील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचें झालें. सामान्य नागरिकांस तें सक्तीचें होण्यास मात्र १९७३ साल उजाडावें लागलें. खरी गोष्ट पटण्यास माणसांना किती काळ लागतो, हें यावरून दिसेल.

आपल्या कायद्यानें चार वर्षांवरील प्रत्येकास, पुढें बसणारास तसेंच मागें बसणारास, शिरस्त्राण सांगितलें आहे. तें दांडीला अडकविण्यासाठीं नाहीं. आणि हनुवटीखालचा पट्टा न लावलेलें शिरस्त्राण पडतांना डोक्याआधींच उडून जातें. मागें बसणाऱ्या आयाबहिणींनीं पदर व ओढणी आंवरून बसावें. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारी जाळी असावी असा नियम आहे तो याचसाठीं. हौसेनें ती काढून टाकूं नये.

पालकांस एक विनंति. सोळा वर्षांच्या आंत कोणतीहि मोटारसायकल अथवा स्कूटर चालविण्याचा परवाना मिळत नाहीं. सोळा ते अठरा या वयांत ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरताच मिळतो, आणि बाजारांतील नेहमींच्या पेट्रोलच्या स्कूटरी त्याहून मोठ्या असतात. अल्पवयी मुलानें अपघात केल्यास पालकास अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. परंतु कायद्याहूनहि मोठी भीति अशी कीं, ती किल्ली आपणच आपल्या हातानें दिली होती ही आठवण कोणत्याहि वैद्याला काढून टाकतां येत नाहीं.

घाटांतील वळणांवर ‘अति घाई संकटांत नेई’ अशी पाटी आपण वाचतों. गाडी चालविणारास ती पूर्णपणें लागू आहे. पडलेल्या माणसाच्या बाबतींत मात्र तिचा अर्थ विचारपूर्वक लावावा. पहिल्या तासांत घाई करा : रुग्णवाहिकेची, रुग्णालयाची, डॉक्टरांची. त्यानंतर महिनेच्या महिने धीर धरा : हाडाचा, व्यायामाचा, मनाचा. माझें मनगट आज थोडें वांकडें आहे. फळ्यावर लिहितांना ओळ किंचित् चढत जाते, आणि वर्गांतील मुलें तिला हंसतात. त्या हंसण्याचा मला राग येत नाहीं. मात्र हंसणाऱ्या प्रत्येक मुलानें ती ओळ कां चढते तें ध्यानांत ठेवावें, इतकीच इच्छा आहे.